विषाणूची उसनी झूल : शर्करा, संसर्ग आणि प्रतिकारशक्ती

एक गोल आणि त्यावर खोवलेले काटे, हे विषाणूचे चित्र गेल्या काही वर्षांत घरोघरी पोहोचले आहे. मात्र त्या चित्रात एक मोठी उणीव राहून गेली आहे. काटे प्रथिनांचे असतात हे खरे, परंतु प्रत्यक्ष विषाणूवर ती प्रथिने उघडी नसतात. त्यांच्यावर शर्करारेणूंच्या लहानमोठ्या फांद्यांचे आच्छादन असते, आणि एचआयव्हीच्या काट्याचा जीपी१२० हा बाहेरचा भाग पाहिला तर त्याचे सुमारे निम्मे वजन प्रथिनाचे नसून या शर्करेचेच भरते. रोग्याच्या प्रतिकारयंत्रणेची विषाणूशी गाठ पडते ती आधी या आच्छादनाशी, आणि विषाणू पेशीच्या दाराशी येतो तेव्हा त्याला तिथेही पेशीच्या पृष्ठभागावरच्या शर्करेतूनच वाट काढावी लागते. संसर्ग आणि प्रतिकार या दोन्ही घटना अशा रीतीने शर्करेच्या दोन थरांमध्ये घडत असल्या, तरी विषाणूशास्त्राच्या सर्वसाधारण पुस्तकांत शर्करेला बहुधा एखाददुसरा परिच्छेदच मिळतो. प्रस्तुत ग्रंथ त्या परिच्छेदाचा विस्तार आहे.

या विषयाचे मर्म एका वस्तुस्थितीत आहे: हे आच्छादन विषाणूचे स्वतःचे नसते. शर्करा बनवण्याची, जोडण्याची आणि छाटण्याची यंत्रणा बहुतेक विषाणूंजवळ नसते. हिरव्या शैवालांना ग्रासणाऱ्या क्लोरोव्हायरससारखे काही मोठे विषाणू ती स्वतः बाळगतात, पण माणसाला छळणारे जवळजवळ सगळे विषाणू यजमान पेशीच्या कारखान्यातूनच ती झूल विणून घेतात. झूल उसनी असल्यामुळे ती घालून विषाणू शरीराला आपल्यातलाच वाटू शकतो. आणि उसनी असल्यामुळेच ती त्याला कधी तोकडी, कधी फार दाट, कधी अर्धवट विणलेली मिळते, आणि त्या खोटीवरून तो ओळखला जातो. लपणे आणि ओळखू येणे या दोन्ही गोष्टी एकाच वस्त्राने साधतात, म्हणून विषाणूला प्रत्येक नव्या शर्करेची किंमत कुठे ना कुठे चुकवावी लागते. या ग्रंथातील सर्व विवेचन त्या देण्याघेण्याच्या हिशेबाभोवती गुंफलेले आहे.

प्रथम परिभाषेविषयी. ऊस आणि साखर कारखाने यांच्या महाराष्ट्रात ‘साखर’ म्हटले की गोडी आठवते, परंतु इथे अभिप्रेत असलेल्या शर्करा चवीसाठी नाहीत. ग्लुकोज, मॅनोज, गॅलॅक्टोज, फ्यूकोज, एन-ॲसिटिल ग्लुकोसॅमिन आणि सियालिक आम्ल हे त्यांचे मुख्य घटक होत. असे घटक एकमेकांना जोडून जी साखळी बनते तिला ग्लायकन म्हणतात आणि ती प्रथिनावर बसवण्याच्या क्रियेला ग्लायकोसिलेशन. ग्रंथात या दोहोंसाठी अनुक्रमे ‘शर्करासाखळी’ आणि ‘शर्करा-जोडणी’ हे शब्द योजले आहेत. प्रथिनातील अमिनो आम्ले एकामागून एक सरळ ओवली जातात, शर्करेला मात्र फांद्या फुटतात आणि तेच दोन घटक वेगवेगळ्या कोपऱ्यांनी जोडले तर अर्थही बदलतो. शिवाय प्रथिनाचा आराखडा जनुकात लिहिलेला असतो, तसा शर्करासाखळीचा आराखडा कुठेच लिहिलेला नसतो. त्या पेशीत कोणती विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, किती प्रमाणात आहेत आणि त्यांना कामाला किती वेळ व किती जागा मिळते, यावर साखळीचे अंतिम रूप ठरते. त्यामुळे एकाच प्रथिनाच्या दोन प्रतींवर, त्याच जागी, वेगळ्या साखळ्या आढळू शकतात. या विषयाची मोहिनी आणि त्यातील डोकेदुखी, दोन्हींचे मूळ इथे आहे.

जोडणीची रीत थोडी जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. पेशीच्या पृष्ठभागासाठी असलेले प्रथिन तयार होत असतानाच आंतर्द्रव्यजालिका नावाच्या पापुद्र्यांच्या जाळ्यात शिरते. तिथे एक विकर त्या प्रथिनात तीन अक्षरांची खूण शोधत असते: अस्पॅराजिन हे अमिनो आम्ल, त्यापुढे प्रोलिन सोडून कोणतेही एक, आणि त्यापुढे सेरिन किंवा थ्रिओनिन. खूण सापडली आणि ती जागा हाताशी असली की दोन एन-ॲसिटिल ग्लुकोसॅमिन, नऊ मॅनोज आणि तीन ग्लुकोज अशा १४ घटकांची आधीच तयार असलेली फांदी एका झटक्यात त्या अस्पॅराजिनवर बसवली जाते. मग ग्लुकोजचे घटक छाटले जातात. शेवटचा एक उरला असताना कॅलनेक्झिन आणि कॅलरेटिक्युलिन ही मदतनीस प्रथिने तो पकडून नवे प्रथिन घडी बसेपर्यंत सांभाळतात, आणि घडी चुकलेली आढळली तर दुसरे एक विकर त्यावर पुन्हा ग्लुकोज चिकटवून ते मागे पाठवते. घडी पक्की झाल्यावर प्रथिन गॉल्गी संकुलात जाते आणि तिथे मॅनोज उतरवून त्याजागी गॅलॅक्टोज, फ्यूकोज, सियालिक आम्ल चढवले जातात. अशा पक्व साखळीला ‘जटिल’ आणि छाटणी न झालेल्या साखळीला ‘मॅनोजबहुल’ म्हणतात. याखेरीज सेरिन किंवा थ्रिओनिनवर एकेक घटक चढवत जाणारी दुसरीही एक जोडणी आहे. इबोला विषाणूच्या काट्यावरचा श्लेष्मासारखा दाट भाग या दोन्ही प्रकारच्या शर्करांनी भरलेला असतो.

यातून निघणारा एक निष्कर्ष सुरुवातीलाच ध्यानात ठेवला तर पुढची वाट सोपी होते. विषाणूच्या जनुकसंचात शर्करेचा फक्त पत्ता असतो, शर्करा नसते. म्हणून जनुकाचे एक अक्षर बदलून नवा पत्ता तयार झाला, तर प्रथिनाच्या पृष्ठभागावर एक अख्खी फांदी उगवते आणि आजूबाजूची बरीच जागा झाकून टाकते. तसेच एका अक्षराने पत्ता पुसला गेला तर तीच जागा उघडी पडते. इतक्या थोड्या भांडवलावर इतका मोठा बदल घडवणारे दुसरे साधन विषाणूंना क्वचितच मिळते.

या क्षेत्राचा आरंभ मात्र विषाणूच्या शर्करेपासून झाला नाही, तर यजमानाच्या शर्करेपासून झाला. १९४१ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉर्ज हर्स्ट यांनी इन्फ्लुएन्झाचा विषाणू वाढवलेल्या कोंबडीच्या फलित अंड्यांतील द्रव काढून घेताना पाहिले की, फाटलेल्या रक्तवाहिन्यांतून त्यात मिसळलेल्या तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या होत आहेत. पुढच्या वर्षी त्यांना आणखी एक गोष्ट आढळली: उबेत ठेवल्यावर विषाणू त्या पेशींवरून आपोआप सुटतो, आणि एकदा सुटल्यावर त्याच पेशींना तो पुन्हा चिकटत नाही. याचा अर्थ पेशीवर काहीतरी होते आणि ते विषाणूने नष्ट केले. मेलबर्न येथील वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, पटकीच्या जिवाणूंच्या गाळून घेतलेल्या द्रवातही तेच ‘काहीतरी’ तोडण्याची क्षमता असते. त्याच संस्थेत काम करणारे, जर्मनीतून स्थलांतरित झालेले जीवरसायनज्ञ आल्फ्रेड गॉटशाल्क यांनी ते सियालिक आम्ल असल्याचे उलगडले आणि १९५७ मध्ये ते तोडणाऱ्या विकराला न्यूरामिनिडेज हे नाव रूढ झाले. स्वीडनमधील गुन्नार ब्लिक्स यांनी लाळेतील श्लेष्मद्रव्यातून आणि जर्मनीतील अर्न्स्ट क्लेंक यांनी मेंदूतील स्निग्ध द्रव्यातून हेच आम्ल त्याआधी स्वतंत्रपणे वेगळे केले होते; विषाणूच्या निमित्ताने ते धागे एकत्र आले.

याला या क्षेत्राची पहिली परंपरा, ग्राहीविचाराची परंपरा म्हणता येईल. ग्राही म्हणजे पेशीवरील तो रेणू, ज्याला विषाणू धरतो. या परंपरेने पुढे दाखवले की माणसांत रुळलेले इन्फ्लुएन्झा विषाणू सियालिक आम्लाची एका कोनाची जोडणी पसंत करतात आणि पक्ष्यांतले विषाणू दुसऱ्या कोनाची, आणि म्हणून पक्ष्यांचा विषाणू माणसांत सहजी पसरू शकत नाही. न्यूरामिनिडेजची स्फटिकरचना १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातच उलगडली. तिच्या खाचेत नेमके बसतील असे रेणू शोधण्यातून घडलेले झानामिव्हिर आणि ओसेल्टामिव्हिर १९९९ मध्ये औषध म्हणून मान्य झाले. अंड्यातल्या गुठळ्यांपासून औषधाच्या गोळीपर्यंतचा हा प्रवास ५८ वर्षांचा आहे. सियालिक आम्लाखेरीज पेशीवरील हेपारन सल्फेट ही लांब शर्करा नागीण विषाणूपासून करोनाविषाणूपर्यंत अनेकांना पहिला आधार देते आणि लासा तापाचा विषाणू स्नायूपेशींनाही गरजेच्या असलेल्या एका विशेष शर्करेला धरतो, हेही याच परंपरेने उजेडात आणले.

दुसरी परंपरा रचनाविचाराची. १९८१ मध्ये इयन विल्सन, जॉन स्केहेल आणि डॉन वायली यांनी १९६८ च्या हाँगकाँग इन्फ्लुएन्झाच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली, तेव्हा विषाणूच्या काट्यावर शर्करा नेमक्या कुठे बसतात हे प्रथमच दिसले. तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, स्केहेल आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग आजही या विषयाचा धडा म्हणून वाचावा असा आहे. प्रतिपिंडे म्हणजे शरीराने विशिष्ट शत्रूसाठी घडवलेली प्रथिने. अशा एकाच जातीच्या प्रतिपिंडाच्या सान्निध्यात त्यांनी विषाणू वाढवला, आणि त्यातून तगलेल्या विषाणूत हिमॅग्लुटिनिनच्या ६३व्या जागी एकच अमिनो आम्ल बदललेले आढळले. त्या बदलाने शर्करेचा नवा पत्ता तयार झाला होता. प्रतिपिंड चिकटत नाही तो बदललेल्या अमिनो आम्लामुळे की त्यावर उगवलेल्या शर्करेमुळे, हा प्रश्न होता. तो सोडवण्यासाठी त्यांनी शर्करा-जोडणी मुळातच रोखणाऱ्या ट्युनिकामायसिन या द्रव्यात ते प्रथिन घडवले, आणि शर्करेविना घडलेल्या त्याच बदललेल्या प्रथिनाला प्रतिपिंड पुन्हा चिकटले. शर्करा ढालीचे काम करते हा तोवरचा तर्क त्या दिवसापासून पुराव्याचा झाला.

तिसरी परंपरा प्रतिकारविचाराची आणि उत्क्रांतिविचाराची असून ती एचआयव्हीच्या अभ्यासात वाढली. २००३ मध्ये जॉर्ज शॉ यांच्या गटाने दाखवले की, रुग्णाच्या शरीरात प्रतिपिंडांचा दाब वाढत जातो तसा हा विषाणू आपल्या शर्करांच्या जागा हलवत राहतो. या हलत्या संरक्षणाला त्यांनी ‘शर्कराढाल’ म्हटले आणि तो शब्द रूढ झाला. ढाल अभेद्य मानली जात असतानाच तिला छेद देणारे पुरावेही साचत होते. एचआयव्हीवर शर्करा इतक्या खेटून बसतात की छाटणीच्या विकरांना आत शिरायला वाव राहत नाही आणि मॅनोजबहुल साखळ्यांचा असा एक दाट पुंजका उरतो, जो निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर सहसा दिसत नाही. २जी१२ हे प्रतिपिंड नेमका तोच पुंजका धरते. २००९ पासून पीजी९, पीजीटी१२१ यांसारखी अनेक प्रतिपिंडे मिळाली, जी शर्करेला वळसा घालून किंवा शर्करेलाच आधार मानून, विषाणूच्या पुष्कळ वेगवेगळ्या वाणांना निष्प्रभ करतात.

दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतात कॅप्रिसा या संस्थेच्या पाहणीत सहभागी झालेल्या स्त्रियांपैकी दोघींची कहाणी पेनी मूर, लिन मॉरिस आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडली, ती या विषयाचे मर्म एका दमात सांगते. त्यांना लागण झालेल्या विषाणूत ३३२व्या स्थानी शर्करा नव्हती, ती दोन घरे पुढे, ३३४व्या स्थानी होती. पहिल्या काही महिन्यांत त्यांच्या शरीराने जी प्रतिपिंडे केली ती फक्त त्याच विषाणूपुरती होती, आणि त्यांना चुकवण्यासाठी विषाणूने सहा महिन्यांच्या आत ती शर्करा ३३२व्या स्थानी सरकवली. ती युक्ती तात्पुरती साधली. परंतु ३३२ ही तीच जागा आहे जी विविध वाणांना रोखणाऱ्या व्यापक प्रतिपिंडांना लागते, आणि पुढे त्या स्त्रियांच्या शरीरात नेमकी तशी प्रतिपिंडे तयार झाली. लपण्यासाठी टाकलेल्या पावलानेच विषाणूचा माग लागला. भारतातही दक्षिण आफ्रिकेप्रमाणेच एचआयव्हीचा ‘सी’ हा उपप्रकार प्रमुख असल्यामुळे या निष्कर्षाचे मोल इथल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

चौथी परंपरा मोजमापाची आणि संगणनाची. वस्तुमान मापनाच्या यंत्रांनी एकेका पत्त्यावर कोणत्या साखळ्या किती प्रमाणात आहेत हे सांगता येऊ लागले, अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने सबंध काटा दिसू लागला, आणि स्थिर चित्रात धूसर दिसणाऱ्या या सतत हलणाऱ्या फांद्यांची हालचाल संगणकावर उभी करता येऊ लागली. त्यामुळे २०२० मध्ये नवा करोनाविषाणू आला तेव्हा त्याच्या काट्याचा शर्करा-नकाशा काही महिन्यांत तयार झाला: तीन समान भागांच्या त्या काट्यावर प्रत्येक भागात २२, म्हणजे एकूण ६६ पत्ते. मॅक्स क्रिस्पिन यांच्या गटाने दाखवले की ही ढाल एचआयव्हीइतकी दाट नाही, आणि या विषाणूविरुद्ध लस तुलनेने लवकर का साधली याचे एक कारण त्यात आहे. रोमी आमारो यांच्या गटाच्या संगणकीय अभ्यासातून याहून अनपेक्षित गोष्ट निघाली. १६५ आणि २३४ या स्थानांवरच्या शर्करा काट्याचा पेशीला धरणारा भाग वर उचललेल्या स्थितीत टेकू देऊन ठेवतात. त्या काढल्या तर काट्याची पकड कमी होते. ढाल म्हणून ओळखलेली वस्तू इथे बिजागरीचे काम करत होती. दुसरीकडे, २००३ च्या सार्स साथीतून बरे झालेल्या व्यक्तीकडून मिळालेले एस३०९ हे प्रतिपिंड ३४३व्या स्थानावरील शर्करेसह त्या जागेला धरते, आणि म्हणूनच नव्या विषाणूवरही चालले.

या चार परंपरांत मतभेद आहेत आणि ग्रंथाने ते झाकलेले नाहीत. शर्करेचा पत्ता विषाणूने लपण्यासाठी जपला की प्रथिनाची घडी बसण्यासाठी, हा त्यातला जुना वाद आहे; अनेक पत्ते पुसले की प्रथिन मुळी घडतच नाही, म्हणून प्रत्येक शर्करेला ढाल म्हणणे घाईचे ठरते. प्रयोगशाळेत सुटे घडवलेले प्रथिन आणि खऱ्या विषाणूवरचे प्रथिन यांच्या शर्करा सारख्या असतात असे गृहीत धरावे काय, हा दुसरा. एचआयव्हीच्या अभ्यासात या गृहीतकाने बराच काळ दिशाभूल केली, कारण सुट्या जीपी१२० वर विकरांना जास्त वाव मिळतो आणि शर्करा जास्त पक्व होतात.

किमतीचा हिशेब सर्वांत स्पष्ट दिसतो तो इन्फ्लुएन्झात. १९६८ मध्ये माणसांत आलेल्या एच३एन२ विषाणूच्या हिमॅग्लुटिनिनच्या शीर्षभागावर शर्करा मोजक्याच होत्या, आणि पुढच्या दशकांत त्या वाढत गेल्या; एच१एन१ मध्येही १९१८ नंतर हेच झाले. परंतु मर्यादेपलीकडे शर्करा वाढल्या की काट्याची सियालिक आम्लावरची पकड ढिली होते, आणि फुफ्फुसातील एसपी-डी नावाचे प्रथिन, जे मॅनोजबहुल साखळ्या ओळखून विषाणूला जखडते, त्याला आयती मूठ मिळते. याउलट साथी घेऊन येणाऱ्या नव्या विषाणूंच्या शीर्षावर शर्करा विरळ असतात, त्यामुळे त्यांच्यावर एसपी-डीचा प्रभाव कमी पडतो. २००९ चा एच१एन१ हा तसाच, शीर्षावर उघडा, १९१८ च्या विषाणूशी जवळीक राखणारा होता. लहानपणी त्या जुन्या घराण्यातील विषाणूंशी गाठ पडलेल्या वृद्धांना तो तुलनेने कमी बाधला आणि तरुणांना अधिक. ऑगस्ट २००९ मध्ये या साथीतील देशातला पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला, तेव्हाची ती धास्ती महाराष्ट्राला आठवत असेल. म्हाताऱ्यांना सोडून तरण्यांना धरणारा फ्लू हे त्या वेळचे कोडे काही अंशी या शर्करांच्या अभावाने सुटते. २०१५ च्या सुमारास त्याच विषाणूच्या १६२व्या स्थानी नवी शर्करा आली. म्हणजे जुना हिशेब पुन्हा सुरू झाला.

जन्मजात प्रतिकारयंत्रणा, म्हणजे आधीची ओळख नसताना चालणारी पहिली फळी, शर्करा वाचण्यासाठी लेक्टिन नावाची प्रथिने वापरते, आणि विषाणूंनी त्यांचाही फायदा घेतलेला आहे. डेंग्यूचा विषाणू डासाच्या पेशीत वाढतो तेव्हा त्याच्यावर मॅनोजबहुल साखळ्या असतात, आणि माणसाच्या त्वचेतील पहारेकरी पेशींवरचे डीसी-साइन हे लेक्टिन त्यांना पकडते. पकडलेला विषाणू नष्ट होण्याऐवजी त्याच पेशींना बाधित करतो. शिवाय शर्करा प्रतिपिंडांवरही असते. प्रतिपिंडाच्या शेपटीकडील साखळीत फ्यूकोज हा एक घटक नसला तर ते मारक पेशींना कितीतरी जोराने चेतवते. डेंग्यूची गंभीर अवस्था आणि कोविडचा तीव्र आजार या दोहोंत अशा फ्यूकोजविरहित प्रतिपिंडांचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. विषाणूची शर्करा, पेशीची शर्करा आणि प्रतिपिंडाची शर्करा असे तीन धागे एकत्र धरल्याखेरीज रोगाचे चित्र पुरे होत नाही.

हा विषय आजच का महत्त्वाचा, याचे उत्तर लशीच्या कुपीत आहे. लशीतील प्रथिन ज्या पेशीत घडते त्या पेशीची झूल त्यावर चढते, आणि भारतात कोविडकाळात दिलेल्या चार लशी पाहिल्या तर चार निरनिराळे माग दिसतात. कोव्हॅक्सिनसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या व्हेरो पेशींत वाढवून निष्क्रिय केला गेला, तेव्हा त्याची शर्करा माकडाच्या पेशीची. पुण्यातच तयार झालेल्या कोव्होव्हॅक्समधील काट्याचे प्रथिन एका पतंगाच्या पेशींत घडते, आणि तो पतंग म्हणजे मराठवाड्यातला शेतकरी मक्यावर ज्याचा धसका घेतो त्या अमेरिकन लष्करी अळीचे प्रौढ रूप. कीटकपेशी शर्करा आखूड छाटतात. हैदराबादच्या कोर्बेव्हॅक्समधील तुकडा यीस्टमध्ये घडतो, आणि यीस्ट मॅनोजचा भार वाजवीपेक्षा जास्त चढवते म्हणून त्या तुकड्यातील ३३१व्या स्थानाचा पत्ता जाणूनबुजून काढून टाकलेला आहे. कोव्हिशिल्डमध्ये तर प्रथिन नसतेच. त्याची कृती वाहून नेली जाते आणि झूल विणली जाते ती लस घेणाऱ्याच्या स्वतःच्या पेशीत.

या फरकांचा परिणाम कधी गंभीर होतो, याचे उदाहरण फ्लूच्या लशीत घडले. २०१४ च्या सुमारास एच३एन२ विषाणूंत हिमॅग्लुटिनिनच्या माथ्यावर नवी शर्करा रुजली. परंतु लशीसाठी तो विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवताना अंड्याशी जुळवून घेण्याच्या ओघात नेमका तोच पत्ता पुसला गेला. लस घेतलेल्यांच्या शरीराने उघड्या माथ्याविरुद्ध प्रतिपिंडे घडवली आणि बाहेर फिरणाऱ्या विषाणूचा माथा झाकलेला होता. अंड्याऐवजी पेशींत किंवा कीटकपेशींत घडवलेल्या लशींकडे वळण्याचे हे एक कारण आहे. याच्या उलट, यीस्टमध्ये घडणाऱ्या हिपॅटायटिस-बीच्या लशीतील प्रथिनावर मूळ विषाणूवरची शर्करा नसते, तरी ती लस उत्तम संरक्षण देते. म्हणून ‘शर्करा हुबेहूब हवी’ हा नियम सरसकट लावता येत नाही. औषधांच्या बाबतीतही उत्साहाला आवर घालणारे अनुभव आहेत. आंतर्द्रव्यजालिकेतील छाटणी रोखणारे सेल्गोसिव्हिर प्रयोगशाळेत डेंग्यूवर प्रभावी ठरले, पण सिंगापूरमधील २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांचा ताप किंवा रक्तातील विषाणू त्याने लक्षणीय कमी झाला नाही. उसना माग बंद पाडायचा तर यजमानाचे स्वतःचे कापडही त्याच मागावर विणले जात असते, ही या उपायांची मूळ अडचण आहे.

प्रस्तुत ग्रंथाने या विस्तीर्ण क्षेत्रातून एकेका विषाणूची स्वतंत्र हकीकत सांगण्याचा मार्ग टाळला आहे. त्याऐवजी पत्ता, विणकाम, पकड, ढाल आणि वाचन या पाच प्रश्नांभोवती मांडणी केली असून इन्फ्लुएन्झा, एचआयव्ही, करोना, डेंग्यू हे विषाणू त्या प्रश्नांच्या ओघात पुनःपुन्हा भेटतात. त्यामुळे एका विषाणूला लागू पडलेले उत्तर दुसऱ्याला का लागू पडत नाही हे वाचकाला शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल. जीवशास्त्राचा पदवीपूर्व परिचय एवढीच अपेक्षा वाचकाकडून धरली आहे. परिभाषेत रुळलेला मराठी शब्द जिथे आहे तिथे तो घेतला आहे, आणि जिथे प्रयोगशाळेत व दवाखान्यात बोलला जाणारा शब्दच लोकांच्या ओळखीचा आहे तिथे तोच देवनागरीत ठेवला आहे. वनस्पतींचे व जिवाणूंचे विषाणू, तसेच शर्करांचे रासायनिक संश्लेषण हे विषय व्याप्तीबाहेर राहिले आहेत.

नव्या विषाणूच्या, नव्या उत्परिवर्तनाच्या आणि नव्या लशीच्या बातम्या यापुढेही येत राहतील, आणि बहुतेक बातम्यांत काट्याचे तेच उघडे चित्र असेल. ग्रंथ वाचून झाल्यावर त्या चित्राला तीन प्रश्न विचारण्याची सवय वाचकाला लागावी: या बदलाने शर्करेचा पत्ता नवा लिहिला की जुना पुसला, ही झूल कोणाच्या पेशीत विणली गेली, आणि तिच्याखाली जे झाकले त्याच्या बदल्यात तिच्यावरचे कोणते टाके शरीराला दिसू लागले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात क्वाझुलू-नातालमधील दोन स्त्रियांच्या शरीरांना काही वर्षे पुरली. संशोधकांना त्यासाठी अनेक दशके लागली आहेत, आणि ते काम अजून चालू आहे.